बोरदऱ्यात सगळे हजर

बोरदऱ्याच्या शाळेत गेल्या चार वर्षांत एकही मूल गैरहजर राहिलं नाही. हे ऐकून ज्याला नुसता आनंद होईल, त्याने दिवाळीनंतर जामखेडच्या या बाजूला कधी पाऊल टाकलेलं नसणार. इथे फराळाचे डबे रिकामे होतात न होतात तोच ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. मागे दोन-दोन ट्रेलर. त्यावर भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं असं सगळं चढवून माणसं ऊस तोडायला निघून जातात. कुणी संगमनेरकडे, कुणी नेवाशाकडे, कुणी थेट कर्नाटकात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि दारांना लावलेली कुलपं. अशा गावातली शाळा ऐन जानेवारीत भरलेली कशी, हा प्रश्न कुणालाही पडायला हवा. चार वर्षं तो कुणाला पडला नाही. ज्यांना पडला, त्यांनी तो गिळला.

शाळेचे मुख्याध्यापक गोरक्षनाथ लोंढे. वय बावन्न, अंगाने किरकोळ, आवाज मात्र पार पाझर तलावापर्यंत जाईल असा. माणूस वाईट असता तर हे सगळं सांगणं फार सोपं झालं असतं. पण गोरक्षनाथसर वाईट नव्हते. ते स्वतः ऊसतोड्याचं पोर. दहा वर्षांचे असताना पाच महिने आईबापाबरोबर फडात राहून परत आले, अंघोळ करून, केसाला तेल लावून शाळेत गेले, आणि गुरुजींनी हजेरी घेताना त्यांचं नावच घेतलं नाही. नाव लाल शाईने कमी झालं होतं. दिवसभर ते पोर आपलं नाव कधी येतंय म्हणून कान टवकारून बसलं होतं. ही गोष्ट सर प्रत्येक पालक सभेत सांगायचे. ते नाटक नव्हतं.

ते बोरदऱ्यात आले तेव्हा शाळेला शाळा म्हणणं म्हणजे धाडसच होतं. पहिली ते आठवी, चार शिक्षक, त्यातले दोन अकरा वाजता उगवायचे. सरांनी कुणाला नोटीस दिली नाही, कुणावर आवाज चढवला नाही. पहिल्याच सोमवारी सकाळी साडेनऊला ते बादली आणि खराटा घेऊन मुलींचं स्वच्छतागृह घासत होते. दहाला आलेल्या जयमालाबाईंनी ते पाहिलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी त्या साडेनऊला हजर. आठवड्याभरात सगळेच. पोरांनीही ते पाहिलं. वर्गात कचरा दिसला तर कुणाला सांगावं लागेना. मुख्याध्यापक जसा वागतो तशी शाळा होते, हे शिक्षण खात्याच्या प्रशिक्षणात दोन दिवस चहा पाजून शिकवतात. सरांनी ते खराट्याने शिकवलं. पुढे जे घडलं ते मात्र याच गुणामुळे घडलं.

त्यांनी सुरू केलेली खरी रीत वेगळीच होती. दिवाळीच्या सुट्टीआधी, जी मुलं आईबापाबरोबर जाणार, त्यांनी एकेक जोडीदार निवडायचा. जोडीदार गावात राहणारा हवा. त्याने गेलेल्याची वही सांभाळायची, रोजचा धडा त्यात उतरवायचा, रविवारी फोनवरून तो वाचून दाखवायचा. आणि सकाळी हजेरीला गेलेल्याचं नाव आलं की उभं राहून म्हणायचं, “कारखान्यावर हाय सर, हजर धरा.” मग सर हजेरीपटात प्रामाणिकपणे गैरहजर लिहायचे, पण तोंडाने म्हणायचे, “धरला.” सगळा वर्ग हसायचा. फार गोड रीत होती. मार्चमध्ये मुलं परत यायची तेव्हा त्यांची वही भरलेली असायची. भागाकार कुठवर आलाय हे त्यांना ठाऊक असायचं. पहिल्या वर्षी परतलेल्या एकोणीस मुलांपैकी एकानेही शाळा सोडली नाही. जामखेडच्या वार्ताहराने फोटोसकट बातमी छापली.

बिघडलं ते दुसऱ्या वर्षी. कमी पटाच्या शाळांची माहिती मागवणारा कागद आला. पट कमी असेल तर शाळा बंद करून मुलं चार किलोमीटरवरच्या दुसऱ्या शाळेत, अशी कुजबुज तालुक्यात सुरू झाली. केंद्रप्रमुख अचानक कधीही भेट देतील असं कळलं. सरांना दोन रात्री झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी हजेरी घेताना एका जोडीदाराने नेहमीप्रमाणे “कारखान्यावर हाय सर, हजर धरा” म्हटलं, आणि सरांच्या हातून हजेरीची खूण पडली. ती त्यांनी खोडली नाही. आठवड्याभराने ते वर्गाला म्हणाले, “कारखान्यावर, कारखान्यावर एवढं लांबड कशाला लावता रे? नुसतं हजर म्हणा. आपल्या जोडीदाराचं नाव पडू द्यायचं नाही. नाव पडलं तर शाळा पडेल.” पोरांना ते पटलं. शाळा पोरांची लाडकी होती.

केंद्रप्रमुख आले. त्यांनी बाकं मोजली, हजेरी पाहिली, भुवया उंचावल्या. सरांनी वर्गासमोर उभं राहून मोठ्याने सांगितलं, “पोरांनो, साहेबांना घाबरू नका. जे असेल ते खरं सांगा.” आणि पोरांनी सांगितलं. कुणी आजारी होता, कुणी पाण्याला गेला होता, कुणाचा भाऊ देवळात पडला होता. एवढ्याशा पोरांची कल्पनाशक्ती पाहून साहेबही थक्क झाले, चहा पिऊन गेले. सरांनी त्यानंतर कुणाला शाबास म्हटलं नाही. फक्त संध्याकाळी सुटताना प्रत्येकाच्या हातावर एकेक जिलेबी ठेवली. त्या जिलेबीचा अर्थ पहिलीतल्या पोरालासुद्धा कळला. नंतर दर वेळी कुणी साहेब आले की सर तेच वाक्य म्हणायचे आणि पोरं तसंच खरं सांगायची.

जयमालाबाई एकदा म्हणाल्या होत्या, “सर, आपण यांना वाचायला शिकवलं, गणित शिकवलं. हे तिसरं काय शिकवतोय?”

“शाळा वाचवायला शिकवतोय, मॅडम,” सर म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. बाईंनी विषय सोडला. चांगल्या माणसाशी भांडणं फार अवघड असतं, आणि बाईंना त्यांच्याविषयी मनापासून आदर होता.

यंदाच्या जानेवारीतली गोष्ट. आठवीतली संस्कृती सोमवारी आली नाही. हजेरीला तिचं नाव आलं तशी खिडकीजवळची दीपा उठली आणि म्हणाली, “हजर.” सरांनी खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. मंगळवारीही तसंच, बुधवारीही.

गुरुवारी मधल्या सुट्टीत जयमालाबाई सरांच्या खोलीत आल्या. “सर, दीपा कुणाच्या नावाला उठते?”

“तिच्या जोडीदाराच्या.”

“दीपाला यंदा जोडीदारच नाही. संस्कृती या वर्षी कारखान्यावर गेलेलीच नाही. आईबाप गेले, ती रंगुबाईजवळ, आजीकडे राहिली. दिवाळीपासून रोज येत होती. मग आता चार दिवस कुठे आहे?”

सरांनी चष्मा काढून पुसला. “आईबापाकडे गेली असेल, दुसरं काय. हात कमी पडले असतील, बोलावून घेतलं असेल.”

“सांगून गेली असती. वही देऊन गेली असती.”

“पोरं विसरतात, मॅडम.”

पण बोरदऱ्याची पोरं वही विसरत नसत. हे सरांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. बाई गेल्यावर ते बराच वेळ खिडकीतून आठवीच्या वर्गाकडे पाहत राहिले. दीपा एकटीच बाकावर बसून दोन वह्यांमध्ये आलटून पालटून लिहीत होती.  उठून तिला विचारावं असं मनात आलंही. पण विचारलं आणि तिने नको ते सांगितलं तर? मग चार दिवसांच्या खुणा खोडाव्या लागतील. चार खोडल्या की लोक चारशेंकडे बोट दाखवतील. त्यांनी पोषण आहाराची नोंदवही तपासायला घेतली आणि तो दिवस तसाच गेला.

पुढच्या आठवड्यात बुधवारी सकाळी, हजेरी चालू असतानाच, ग्रामसेवक योगेशचा फोन आला. तिशीतला मुलगा, नोकरीत नवा, कामाचा आणि सरांना मानणारा. “सर, एक नाजूक काम आहे. कुणीतरी दहा अठ्ठ्याण्णवला, मुलांच्या हेल्पलाइनला फोन केलाय. नाव सांगितलं नाही. म्हणे तुमच्या शाळेतल्या आठवीच्या एका मुलीचं लग्न ठरवलंय. संस्कृती सहादेव. मला चौकशी करायचीय. ती शाळेत येते ना?”

सरांच्या कानाशी फोन होता आणि समोर हजेरीपट उघडा होता. खिडकीजवळ दीपाच्या शेजारची जागा रिकामी होती. ती त्यांना दिसत होती. हे इथे स्पष्ट लिहिलं पाहिजे, कारण पुढे त्यांनी स्वतःला कितीही समजावलं तरी ती जागा त्यांनी पाहिली होती.

फोन कानाला तसाच ठेवून त्यांनी विचारलं, “संस्कृती?”

“हजर!” दीपा म्हणाली. आवाज खणखणीत होता.

“हजर आहे,” सर फोनमध्ये म्हणाले. “रोज येते. भाऊबंदकीत कुणाचं तरी पोट दुखत असणार, दुसरं काय.”

“मलाही तेच वाटलं. तेवढं लेखी द्याल का, सर? दहा दिवसांच्या हजेरीसकट. म्हणजे मी अहवाल पाठवून मोकळा.”

सरांनी लेखी दिलं. सदर विद्यार्थिनी शाळेत नियमित उपस्थित आहे. खाली सही, गोल शिक्का, जोडीला हजेरीच्या पानाची प्रत. सही एका दमात झाली. सवयीचा हात होता तो. शिपाई नसल्याने कागद न्यायला घरचंच कुणी बोलवा असं योगेश म्हणाला होता, म्हणून रंगुबाईकडे निरोप गेला. म्हातारी लगबगीने आली, पदर डोक्यावरून पुढे ओढून दोन्ही हात जोडून म्हणाली, “देव तुमचं भलं करो, सर.” आणि कागद घेऊन गेली. साध्या दाखल्यासाठी एवढा आशीर्वाद कशाला, हा विचार सरांच्या मनात आला. त्यांनी तो झटकून टाकला.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, जयमालाबाई शाळा सुटायच्या वेळी दारात येऊन उभ्या राहिल्या. चेहरा उतरलेला. “सर, शनिवारी जामखेडच्या बाजारात रंगुबाई दिसली होती. मी बोलले नाही तुम्हाला. हिरव्या बांगड्या घेत होती. लहान मापाच्या. आणि पिशवीत मुंडावळ्या होत्या.”

 सरांनी मोबाईल काढला आणि संस्कृतीच्या बापाला, सहादेवला फोन लावला. पलीकडे कारखान्यावरचा गोंगाट, ट्रॅक्टरचे आवाज. सर म्हणाले, “सहादेव, पोरगी तुझ्याकडे आहे ना?”

 सहादेव हसला. त्या हसण्यात जवळीक होती, आणि त्या जवळिकीनेच सरांच्या अंगावर काटा आला. “काय सर, चेष्टा करता. पोरगी शाळंत हाय की. तुमीच तर लिवून दिलंय. आमच्या आईनं कागदाचा फोटो धाडलाय मोबाईलवर. पाव्हन्यांनला बी दाखवला. लई उपकार झाले बघा. पाव्हनं भ्यालं हुतं, म्हनले केस-बिस झाली तर? म्या म्हनलं, आमचं सर हायेत.”

“सहादेव, लग्न कुठे आहे? कधी आहे?”

“कसलं लगीन, सर?” तो म्हणाला, तसाच हसत, आणि फोन ठेवला. नंतर लावला तर बंद.

सर खुर्चीत बसून राहिले. बावन्न वर्षांत त्यांना कधी स्वतःची एवढी भीती वाटली नव्हती. तेरा वर्षांची पोर, कवितेचं पुस्तक छातीशी धरून फिरणारी, गणितात जरा कच्ची, उत्तर चुकलं की आधी स्वतःच हसणारी. तिच्यापर्यंत पोचायचे सगळे रस्ते एका कागदाने बंद झाले होते, आणि त्या कागदावर त्यांचा शिक्का होता. हजेरीपट बाहेर आला तर नोकरी जाणार, चौकशी लागणार, पेन्शनचं काय होईल देव जाणे. हे सगळं त्यांच्या डोक्यात आलं. ते माणूसच होते. पण त्यांनी मोटरसायकल काढली आणि ग्रामपंचायतीत जाऊन योगेशला सगळं सांगितलं. चार वर्षांचं. एकही शब्द न गाळता.

योगेश खुर्चीतून उठला. “सर, तुम्ही मला आत्ता सांगताय? अहवाल वर गेला. मुलगी शाळेत आहे, तक्रार खोटी. वर तुमचा दाखला.”

“तो रद्द कर. माझ्यावर काय कारवाई करायची ती कर.”

“ते नंतर. लग्न कुठल्या गावात आहे?”

“माहीत नाही.”

“मग मी पोलीस घेऊन जाऊ कुठे? रंगुबाई सांगायची नाही, बापाचा फोन बंद. शाळेतल्या कुणाला माहीत आहे का?”

“दीपाला असेल. शेजारी राहतात. दोघींचा जीव एक.” सर लगेच उठले, तसं योगेशने त्यांना थांबवलं. “आज नको, सर. तुम्ही तिच्या घरी गेलात की शेजारी रंगुबाईला कळणार, आणि लग्न आजचं आज उरकतील. उद्या शाळेत विचारू. मी पोलीस ठाण्यातून एक बाई घेऊन येतो, म्हणजे जबाब पक्का होईल. पोरांना एवढंच सांगा, सर, की खरं बोला.”

सर मान हलवून घरी आले. त्यांना ते सोपं वाटलं. पोरं आपलं ऐकतात, एवढा विश्वास त्यांना होता, आणि तो खराही होता.

शुक्रवारी दहाला योगेश आला. बरोबर गणवेशातल्या पोलीस बाई. आठवीच्या वर्गात खुर्च्या मांडल्या. सर फळ्यासमोर उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, “पोरांनो, घाबरू नका. साहेबांना जे असेल ते खरं सांगा.”

बोलता बोलताच त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. पण शब्द गेला होता. सगळ्या वर्गाच्या डोळ्यांत एकदम ओळखीची चमक आली आणि पाठी ताठ झाल्या.

“संस्कृती कधीपासून शाळेत येत नाही?” पोलीस बाईंनी विचारलं.

“येती की!” पहिल्या बाकावरचा सुनील म्हणाला. “काल बी आल्ती.”

“आता कुठे आहे?”

“पोटात दुखतंय म्हनून घरी गेली, बाई. आत्ताच. तुमी यायच्या आधी.”

“मी सोडून आले तिला,” मागून एक मुलगी म्हणाली. “येशीपर्यंत.”

दीपा उठली आणि तिने संस्कृतीची वही पोलीस बाईंच्या हातात दिली. कालच्या तारखेपर्यंत सगळा अभ्यास भरलेला. गणितं, मराठीची प्रश्नोत्तरं, भूगोलाचा नकाशा रंगवलेला. अक्षर अगदी संस्कृतीसारखं, डावीकडे कललेलं. ते जमवायला दीपाला किती दिवस लागले असतील देव जाणे.

“अरे, नको!” सर ओरडले. त्यांचा आवाज फाटला. “पोरांनो, हे खोटं आहे. तुम्हाला माहीत आहे हे खोटं आहे. मी सांगतो ना, खरं सांगा. ती अकरा दिवस आलेली नाही. सांगा!”

 पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. सर आज जास्तच चांगलं करतायत, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मग सुनील हळूच म्हणाला, “येती की, सर. रोजच येती.” आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. पाचवीपर्यंतची पोरं दारात गोळा झाली होती, तीही म्हणाली, येती, रोज येती, आमी बघतो.

पोलीस बाईंनी योगेशकडे पाहिलं आणि बाहेर येण्याची खूण केली. व्हरांड्यात त्या हलक्या आवाजात बोलल्या, पण सरांना ऐकू आलं. “तीस पोरं एक सांगतायत, वही आहे, दाखला आहे. एकटे सर उलट सांगतायत, तेही स्वतःच दिलेल्या कागदाच्या विरुद्ध. यांना बरं नाही का?”

सरांनी दीपाला आपल्या खोलीत नेलं. दार लोटलं. तिच्यासमोर ते गुडघ्यावर बसले, तिच्या डोळ्यांत पाहता यावं म्हणून. “दीपा, बाळा, संस्कृतीला कुठे नेलंय?”

दीपाने दाराकडे पाहिलं. दाराखालच्या फटीतून बाहेर योगेशचे बूट दिसत होते.

“तिचं लग्न लावतायत ना? कुठल्या गावात?”

 ती अगदी हळू, काळजीने, जणू सरांच्याच हातून चूक होऊ नये म्हणून म्हणाली, “साहेब हायेत अजून, सर.”

“असू दे साहेब. त्यांनाच कळायला हवं.”

तिने मान हलवली. नाही. सरांनी हात जोडले, शपथ घातली, शेवटी आवाज चढवला. इतक्या वर्षांत त्यांनी या शाळेत पोरांवर कधी आवाज चढवला नव्हता. दीपाच्या डोळ्यांत पाणी आलं पण तोंड उघडलं नाही. जोडीदाराचं नाव ती पडू देणार नव्हती. एवढं पक्कं शिकवलेलं कुठल्या शाळेत कुणाच्या लक्षात राहतं?

योगेशने थोडं थांबून पाहिलं. पोलीस बाईंना जामखेडला परत जायचं होतं. त्याने रंगुबाईच्या घरी जाऊन पाहिलं, तिथे कुलूप होतं. आजूबाजूला कुणाला काही माहीत नव्हतं. सव्वाबाराच्या सुमाराला दोघांना घेऊन पोलिसांची जीप धूळ उडवत निघाली. “गाव कळलं की लगेच फोन करा, सर,” तो जाताना म्हणाला. त्याच्या बोलण्यात आता पहिल्यासारखा विश्वास उरला नव्हता.

सर व्हरांड्यात उभे राहिले. जीप वळणावरून दिसेनाशी झाली. जयमालाबाई आत खिचडीच्या पंगतीवर होत्या, ताटांचे आवाज येत होते. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग मागून कुणीतरी त्यांचा सदरा ओढला. दीपा होती. तिने एकदा फाटकाकडे पाहिलं, रस्ता रिकामा आहे याची खात्री केली.

“पांगरखेडला नेलीय, सर,” ती म्हणाली. “पल्याड, बीड जिल्ह्यात. मामाच्या वस्तीवर. लई रडत हुती. मला म्हनली, माझं नाव पडू दिऊ नको, म्या परत येनार हाय.”

“लग्न कधी आहे?”

“आजच हाय. बारा पस्तीसला.”

सरांनी मनगटावर पाहिलं. बारा वाजून सव्वीस मिनिटं. पांगरखेड चाळीस किलोमीटर, त्यात घाट. त्यांनी योगेशला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. 

“आधी का नाही सांगितलंस गं?” त्यांच्या तोंडून निघालं, रडल्यासारखं. “ते लोक इथे होते. दोन तास इथे होते.”

दीपाला सर का रडतायत ते कळेना. तिने आपल्या परीने त्यांना धीर दिला. “काळजी नका करू, सर,” ती म्हणाली. “कुनीबी काय बोललं न्हाई. बारकी पोरं बी न्हाई.”

आणि शाबासकीसाठी ती तिथेच उभी राहिली.